कमांडोच्या युद्धस्मरणांतील मौन कसे वाचावे?

करवीरवाचक, राजारामपुरी

नमस्कार. आमच्या वाचकगटाने या वेळी आपल्याच जिल्ह्यातील एका निवृत्त पॅरा कमांडोचे आत्मकथन वाचायला घेतले आहे. लेखक शिपाई म्हणून भरती झाले आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पुस्तक त्यांनी स्वखर्चाने छापले असून प्रती ओळखीपाळखीतच फिरत आहेत, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही.

पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग भरती, आग्र्यातील पॅराशूटच्या पहिल्या उड्या आणि कमांडो पलटणीतील प्रोबेशन म्हणजे निवडीचा खडतर काळ यांनी व्यापला आहे आणि तो विलक्षण जिवंत उतरला आहे. मात्र ज्या रात्रीसाठी आम्ही हे पुस्तक हाती घेतले, ती ११ ऑक्टोबर १९८७ ची, श्रीलंकेतील जाफना विद्यापीठावरील भारतीय शांतिसेनेची कारवाई मोजक्या पानांत संपते. साथीदार कसे पडले हे लेखक सांगत नाहीत, समोरच्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेच्या मुलांबद्दल एकच परिच्छेद लिहितात, आणि ज्यांनी हा बेत आखला त्यांच्याविषयी ‘वरून हुकूम आला’ यापलीकडे काही म्हणत नाहीत.

गटातील काहींना हा संयम प्रामाणिक वाटला. काहींना मात्र लेखकाने नेमक्या जागी हात आखडता घेतला असे वाटते. माझे मन दुसऱ्या बाजूला झुकते, कारण जो माणूस प्रोबेशनमधल्या एका रात्रीच्या चालीचे वर्णन चार पाने करू शकतो, त्याला शब्द सापडले नाहीत असे मानणे मला जड जाते. अशा पुस्तकातील मौन आपण कसे वाचावे?

निवृत्त सुभेदार, मराठा लाइट इन्फन्ट्री (गडहिंग्लज तालुका)

मी स्वतः कमांडो नव्हतो, पण फौजेत आयुष्य गेले आहे आणि हे पुस्तक मी दोनदा वाचले आहे. आपण लेखकाचा हुद्दा ध्यानात घ्यावा, अशी माझी विनंती आहे. अधिकाऱ्याच्या आठवणींत नकाशा असतो, कोणती तुकडी कुठून आली हे असते, कारण त्याच्या कानाशी वायरलेस असतो. जवानाला त्या रात्री समोरची भिंत, शेजारचा सोबती आणि उरलेल्या गोळ्या एवढेच दिसते. जाफन्याजवळच्या पलाली विमानतळाच्या धावपट्टीवरून एमआय-८ हेलिकॉप्टरांत बसवून ज्यांना विद्यापीठाच्या मैदानावर अंधारात उतरवले आणि उतरताक्षणीच ज्यांच्यावर चारही बाजूंनी गोळीबार सुरू झाला, त्यांनी त्या रात्रीचा सलग वृत्तांत लिहिला असता तर मला तोच संशयास्पद वाटला असता.

प्रोबेशनचे वर्णन लांबते याचे कारण मला सोपे वाटते. तो भाग ते चाळीस वर्षे सांगत आले आहेत: सुट्टीवर आल्यावर पारावर, लग्नकार्यांत, नव्याने भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना. किती जण मध्येच परत गेले, पॅरा सैनिकांची मरून रंगाची बेरे टोपी आणि कमांडोंचा बलिदान बॅज मिळाला तेव्हा उस्ताद काय म्हणाले, हे सांगून सांगून घोटले गेले आहे. जाफन्याचे ते कुणाला सांगतच नव्हते, आणि जे कधी तोंडाने सांगितले नाही ते कागदावर एकदम नीट उतरत नाही. शिवाय १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही सुटत नाही. कारवाईची पद्धत, हत्यारे, संपर्काची व्यवस्था यांविषयी लिहिताना पेन्शनर माणूस दहा वेळा विचार करतो, आणि तो करावाच.

इतिहासशिक्षिका, कोल्हापूर

सुभेदारसाहेबांचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्याला पुस्तकातूनच पुष्टी मिळते. त्या रात्री कमांडोंबरोबर १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जवानही उतरवले गेले होते. हेलिकॉप्टरांना गोळ्या लागल्यामुळे पुढच्या फेऱ्या थांबल्या, ही छोटी तुकडी एकटी पडली आणि तीसपैकी एकोणतीस जण मारले गेले. उरलेला एक जवान कैद झाला. आपले लेखक त्याच परिसरात घरांच्या आडोशाने लढत होते, तरी ही बातमी त्यांना नंतर, रेल्वेमार्गाने आलेल्या रणगाड्यांच्या मदतीने बाहेर पडल्यावर समजली, असे ते लिहितात. पुढे वाचलेली माहिती त्यांनी त्या रात्रीच्या डोळ्यांत भरली नाही. आठवणी लिहिणाऱ्यांत हा गुण दुर्मीळ आहे आणि मी त्यासाठी पुस्तकाला फार मान देते. एलटीटीईने आपल्या सैन्याचे वायरलेस संदेश ऐकले होते आणि ते तयारीत बसले होते, हेही नंतर बाहेर आले. ‘आमची वाट पाहत असल्यासारखे ते होते’ हे लेखकाचे वाक्य त्याच्याशी जुळते.

मात्र एका जागी मी सुभेदारसाहेबांशी सहमत नाही. पुढच्या प्रकरणात ऑक्टोबरअखेर जाफना शहर ताब्यात आले असे सांगून लेखक पुढे जातात. त्याच महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. आतून गोळीबार झाला असे सैन्याचे म्हणणे होते, तर तिथल्या तमिळ लोकांनी आणि मानवाधिकार संस्थांनी ते सपशेल नाकारले. लेखक त्या दिवशी तिथे असतील असे मी सुचवत नाही. पण शहर ताब्यात आले या वाक्यात त्या शहरातली माणसेही येतात, आणि पुस्तकात ती जवळजवळ दिसत नाहीत. हा दोष एकट्या लेखकाच्या माथी मारू नये. आपण वाचकांनी शेजारी जाफन्याच्या रहिवाशांनी लिहिलेले काही ठेवून वाचावे. पानिपतावरच्या मराठी बखरी आपण दुसऱ्या बाजूच्या फारसी साधनांशी ताडून पाहतो, मग इथे वेगळा न्याय का?

शिरोळ तालुक्यातील वाचक

मी सैनिक टाकळीच्या परिसरातली आहे. आमच्याकडे ज्या घरातून कुणी फौजेत गेले नाही असे घर शोधावे लागते, आणि माझे यजमानही माजी सैनिक आहेत. चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे. हे पुस्तक कोण वाचणार, हे लेखकाला लिहितानाच माहीत होते. जे साथीदार परत आले नाहीत त्यांच्या आया, बायका, आता मोठी झालेली मुले याच पट्ट्यातल्या गावांत राहतात, आणि पुस्तकाची प्रत सर्वांत आधी त्यांच्याच घरी जाणार होती.

एका प्रकरणात लेखक मित्राच्या घरी जातात आणि आईने विचारल्यावर ‘लगेच गेला, त्रास झाला नाही’ एवढेच सांगतात. ते खरे होते की नाही, हे ते पुस्तकातही लिहीत नाहीत. मला वाटते, करवीरवाचक ज्याला हात आखडता घेणे म्हणतात ते इथून आले आहे. त्या माऊलीला दिलेला शब्द छापील पानावर मोडायचा कसा? शिक्षिकाताईंचे जाफन्याच्या लोकांबद्दलचे म्हणणे मला पटते, तिथेही आयाच होत्या. पण साथीदारांच्या मरणाचा तपशील नाही म्हणून पुस्तक अपुरे आहे, हे मी मान्य करणार नाही.

आणखी एक. मार्च १९९० मध्ये शांतिसेना परतली तेव्हा मद्रासला तिच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी गेले नाहीत. ज्या लढाईतून परत येताना कुणी धड विचारपूसही केली नाही, तिच्याविषयी माणूस कमी बोलायला तिथूनच शिकला असेल.

करवीरवाचक, राजारामपुरी

आपणा तिघांचे मनापासून आभार. मित्राच्या आईचे प्रकरण मी घाईने वाचले होते असे नाही, पण वाचकवर्गाचा विचार त्याला जोडून केला नव्हता. तरीही ‘वरून हुकूम आला’ याबद्दलची माझी तक्रार कायम आहे. बेत आखणाऱ्यांची नावे सांगायला कुठल्या आईचा शब्द आडवा येत नाही. लेखकांना आमच्या बैठकीला बोलवायचा विचार आहे. काय विचारावे आणि काय टाळावे, हे सुभेदारसाहेबांनी सांगितल्यास बरे होईल.

निवृत्त सुभेदार, मराठा लाइट इन्फन्ट्री (गडहिंग्लज तालुका)

जरूर बोलवा. किती जणांना मारले, हा प्रश्न कुणालाही विचारू देऊ नका. कॉलेजची मुले येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. मैदानावर उतरण्यापूर्वी काय सांगितले गेले होते, हातात नकाशा होता का, पाणी आणि गोळ्या कधीपर्यंत पुरल्या, रणगाडे येत आहेत हे कसे कळले, असे विचारा. हुकुमाविषयीचा आपला प्रश्नही याच वाटेने विचारता येईल, कारण ऑर्डर कुणी आणि कोणत्या शब्दांत ऐकवली हे जवान विसरत नाही. जाफन्याच्या लोकांविषयी शिक्षिकाताईंनी स्वतः विचारावे, आणि तो प्रश्न शेवटी ठेवू नये.