पाण्यावरच्या लाटा अवतरंग म्हणाव्यात का?

प्रश्न
नमस्कार. मी नाशिकला नववीच्या मुलांना विज्ञान शिकवते. अनुतरंगात माध्यमाचे कण तरंगाच्या प्रसारणाच्या दिशेला समांतर, तर अवतरंगात लंब दिशेने कंप पावतात, हे मुलांना पाठ असते. परंतु रामकुंडात सोडलेले झेंडूचे फूल लाटेवर वर-खाली होता होता किंचित पुढे-मागेही हलते. मग पाण्यावरच्या लाटा अवतरंगाचे उदाहरण म्हणून सांगाव्यात का? शिवाय एका विद्यार्थिनीची शंका अशी, की नाशिक ढोलाचे पान त्याच्या पृष्ठभागाला लंब दिशेने थरथरते, तरी त्याचा आवाज अनुतरंग कसा?

उत्तर १
निव्वळ अवतरंग म्हणून सांगू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. खोल पाण्यात पृष्ठभागावरचा कण जवळपास वर्तुळात फिरतो; शीर्ष त्याच्यावरून जाताना तो लाटेच्या दिशेने पुढे आणि दरी जाताना मागे सरकतो, म्हणजे दोन्ही प्रकारची हालचाल त्यात एकत्र असते. ही वर्तुळे खाली जावे तशी झपाट्याने लहान होतात आणि तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर हालचाल पृष्ठभागाच्या जेमतेम ४ टक्के उरते. काठाजवळच्या उथळ पाण्यात हीच वर्तुळे चपटी होतात, त्यामुळे तेथे फुलाचे पुढे-मागे होणे अधिक ठळक दिसते. अवतरंगासाठी ताणलेल्या दोरीचे उदाहरण निर्दोष आहे.

उत्तर २
विद्यार्थिनीची शंका फार चांगली आहे, कारण तरंगाचा प्रकार कशावरून ठरतो, हेच त्यातून उलगडते. ढोलाचे पान घट्ट ताणलेले असते. टिपरूच्या आघाताने ते आत दबले, की ताणामुळे परत खेचले जाते आणि हा कंप पानावर कडेकडे पसरतो. पानावरचा तरंग त्यामुळे अवतरंगच आहे. हवेचा एक थर मात्र दुसऱ्यावरून सरकला, तर त्याला मूळ जागी परत आणणारे बल हवेत नसते. ती दाबली गेली, तरच उलट ढकलते. म्हणून पान बाहेर येताना संपीडन (हवा दाट होणे), आत जाताना विरलन (हवा विरळ होणे), असा अनुतरंगच हवेतून आपल्यापर्यंत येतो. वारंवारिता तीच राहते. १०० हर्ट्झच्या कंपनाची हवेतील तरंगलांबी, २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरल्यास, साधारण ३.४ मीटर येते.

उत्तर ३
वरील मुद्द्याला भूकंपाची जोड द्यावी. खडक दाबाला आणि सरकण्याला, दोन्हींना विरोध करतो, म्हणून त्यातून दोन्ही तरंग जातात. आपल्याकडे दिंडोरी रस्त्यावरील ‘मेरी’ (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेत भूकंपाच्या नोंदी घेतल्या जातात. अशा आलेखात आधी अनुतरंग असलेले प्राथमिक तरंग आणि मागाहून अवतरंग असलेले दुय्यम तरंग उमटतात. जवळच्या भूकंपात दोहोंमधील प्रत्येक सेकंदाच्या अंतरामागे केंद्र ढोबळमानाने ८ किलोमीटर दूर असते. पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातून दुय्यम तरंग जात नाहीत, यावरूनच तो द्रवरूप असल्याचे कळले.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. प्रकाशाला तर माध्यमच लागत नाही. त्याला अवतरंग कोणत्या आधारे म्हणावे?

उत्तर २
तेथे कणांऐवजी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे आंदोलन करतात, आणि निर्वातात ती दोन्ही परस्परांना व प्रसारणाच्या दिशेला लंब असतात. ध्रुवक काचेच्या, म्हणजे एकाच दिशेतील आंदोलने पार जाऊ देणाऱ्या काचेच्या, दोन चकत्या एकमेकींवर ठेवून एक फिरवल्यास ९० अंशांवर प्रकाश जवळपास पूर्ण अडतो. अनुतरंगाच्या बाबतीत असे घडूच शकत नाही, त्यामुळे हा प्रयोग वर्गात अवश्य दाखवावा.