पायाची करंगळी मोडलीय. कराटेच्या क्लासला जावं की घरी बसावं?

अनवाणी

गेल्या मंगळवारी कुमितेच्या, म्हणजे जोडीनं लढण्याच्या सरावात माझी मावाशी गेरी (फिरवून मारायची लाथ) समोरच्या मुलीच्या कोपरावर बसली. तिनं बचावासाठी हात खाली घेतला आणि माझी लाथ तोवर सुटली होती. उजव्या पायाची करंगळी तिच्या कोपराला अडकून बाहेरच्या बाजूला वळली. अंग गरम असल्यामुळे मी पुढचा अर्धा तास तशीच उभी राहिले. घरी आल्यावर स्कूटरवरून उतरले तर पाय टेकवेना. रात्रीपर्यंत बोट वांग्यासारखं जांभळं झालं आणि काळेपणा शेजारच्या बोटाच्या बुडापर्यंत उतरला.

एक्स-रेमध्ये करंगळीच्या बुडाकडच्या हाडाला तडा दिसला. हाड सरकलेलं नाही. डॉक्टरांनी मध्ये कापूस ठेवून करंगळी शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधली, कडक तळाचे बूट वापरायला सांगितले आणि चार ते सहा आठवडे उड्या, लाथा, पळणं बंद म्हणून बजावलं.

माझी तिसऱ्या क्यूची, म्हणजे पहिल्या ब्राउन बेल्टची परीक्षा साडेतीन आठवड्यांवर आहे. मी ४१ वर्षांची आहे. मुलीला क्लासला सोडायला जायचे, बाहेर बाकावर बसायचे, आणि एक दिवस आत जाऊन नाव घातलं. त्याला आता सहा वर्षं होतील. सकाळी साडेपाचला उठून, डबे करून, ऑफिस सांभाळून इथवर आलेय.

माझं मत स्पष्ट आहे. अशा दुखापतीत क्लास सोडू नये. एकदा महिनाभर खंड पडला की माझ्या वयाची बाई परत येत नाही, हे मी आमच्याच क्लासमध्ये चार वेळा पाहिलंय. शिवाय परीक्षेचा काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, तेक्की शोदान आहे. त्यात उडी नाही, मावाशी नाही, अख्खा काता किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यात, डावी-उजवीकडे एका रेषेत होतो. पट्टी बांधून तो करता येईल असं मला मनापासून वाटतं. तुमचं काय म्हणणं आहे? शिकणारे, शिकवणारे, डॉक्टर, सगळ्यांनी लिहा.

ठाण्याचा फायटर

ताई, शंभर टक्के सहमत. बिनधास्त द्या परीक्षा. २७ एप्रिल २०१३ ला यूएफसी १५९ या व्यावसायिक लढतींच्या कार्यक्रमात जॉन जोन्सच्या पायाचा अंगठा पहिल्याच फेरीत मोडून वाकडा झाला होता. तरी त्यानं त्याच फेरीत चेल सॉननला हरवलं. अंगठा मोडलाय हे त्याला जिंकल्यानंतर मुलाखत देताना कळलं. तुमची तर करंगळी आहे. मार्शल आर्ट शिकायला येतो तेव्हाच मार खायची तयारी ठेवून येतो आपण. दुखतंय म्हणून थांबायचं असेल तर मग दुसरे वर्ग आहेत.

फिजिओ, नाशिक

धागाकर्तीशी असहमत आणि वरच्या प्रतिसादाशी तर पूर्णच असहमत.

जोन्सला लढताना दुखलं नाही, कारण लढतीच्या भरात शरीर वेदना दाबून टाकतं. तुम्हालाही पहिला अर्धा तास दुखलं नाही, त्याचं कारण हेच. वेदना नाही म्हणजे इजा नाही असा अर्थ काढू नका. त्या लढतीचं पुढचंही बघा. पहिली फेरी संपायला २७ सेकंद असताना निकाल लागला. तो कोपऱ्यात जाऊन बसला असता तर डॉक्टरनी पाय बघून लढत थांबवण्याचीच शक्यता जास्त होती.

आता करंगळीबद्दल. पावलाची बाहेरची कड जमिनीला धरून ठेवायचं काम तिच्याकडे असतं. ती दुखली की माणूस नकळत वजन आतल्या बाजूला टाकतो आणि लंगडतो. माझ्याकडे करंगळीचा पेशंट करंगळीसाठी येतच नाही. तो महिन्याभरानं गुडघा किंवा कंबर घेऊन येतो, आणि विचारत विचारत गेलं की मागे कुठेतरी बोट मोडलेलं निघतं.

पहिले दोन-तीन आठवडे हाडाच्या दोन टोकांमधला जोड मऊ असतो. या काळात त्याला रोज हिसके बसले तर तो धरायला वेळ लागतो, कधी वाकडा धरतो. म्हणून माझा सल्ला आहे की निदान पहिले दोन आठवडे क्लासच्या दारातही जाऊ नका. बसून करेन म्हणून गेलेला विद्यार्थी दहाव्या मिनिटाला उभा असतो. पंधरा वर्षांत याला अपवाद दिसलेला नाही.

तांबडी माती

डॉक्टर, तुमचा अनुभव मोठा आहे, पण शेवटचं वाक्य मला पटलं नाही. मी कोल्हापूरचा, लहानपण तालमीत गेलं. हौद्यात पाय रुतून बोट मोडणं आमच्याकडं नवीन नाही. माझं मोडलं तेव्हा वस्तादांनी घरी बसू दिलं नाही, आणि लढतही लावली नाही. महिनाभर जोर बंद, कारण जोर मारताना सगळं अंग पायाच्या बोटांवर येतं. बैठका बंद. हातावर रस्सी चढायची, बसून मानेची मेहनत करायची, पोरांच्या लढती बघायच्या आणि कोण कुठल्या डावावर गेला ते संध्याकाळी वस्तादांना सांगायचं. पैलवान घरी बसला की अंग सुटतं आणि मन त्याच्या आधी सुटतं. म्हणून ताईंचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. तालीम सोडू नये. परीक्षेचं मात्र मला पटत नाही. मोडल्या बोटावर वस्तादांनी कुणाला मैदानात उतरवलेलं मी बघितलं नाही.

आणि ताई, आमच्याकडं हाडवैद्याकडं जाऊन बोट ओढून घेतात. लोकांना गुण येतो म्हणतात. तुम्ही एक्स-रे काढून घेतलात ते बरं केलंत. ओढाओढी करू नका.

दोन मुलांची आई

इथे जरा वेगळं लिहिते, कारण हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही.

माझा मोठा मुलगा तेव्हा ११ वर्षांचा होता, तायक्वांदोला जायचा. सरावात अंगठा जोरात आपटला, नखाच्या मुळातून रक्त आलं. शिकवणारे म्हणाले, एवढ्यानं रडतात का, चल उभा रहा. तो उभा राहिला. घरी येऊन त्यानं मोजा काढलाच नाही. आंघोळ स्वतःच करायचा, त्यामुळे मला कळलं नाही. पाचव्या दिवशी मोज्याला वास यायला लागला म्हणून मी जबरदस्तीनं काढला. नखाच्या मुळाशी पू होता.

मुलांच्या हाडाला टोकाजवळ वाढीचा भाग असतो. अंगठ्यात तो नखाच्या मुळालगतच येतो. त्याला तिथेच तडा गेला होता आणि वरची जखम उघडी असल्यामुळे जंतू थेट हाडापर्यंत पोचले होते. ऑपरेशन करून धुवावं लागलं, शिरेतून अँटिबायोटिक द्यावी लागली. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशी आणलं असतं तर इतकं झालं नसतं. मी त्याला विचारलं, का रे सांगितलं नाहीस? तो म्हणाला, सर म्हणाले होते की फायटर सांगत नाहीत.

ठाण्याच्या दादांना हात जोडून सांगते. तुम्ही मोठे आहात, तुमचं शरीर तुमचं. पण तुम्ही क्लासमध्ये हे बोलता तेव्हा मागच्या रांगेत ११ वर्षांची मुलं उभी असतात.

ठाण्याचा फायटर

वहिनी, हे वाचून वाईट वाटलं. लहान मुलांबद्दल माझं तसं म्हणणं नव्हतं आणि तसं कधी बोललो असेन तर पुन्हा बोलणार नाही. पण मोठ्या माणसाबद्दल मी ठाम आहे. ताई ४१ वर्षांच्या आहेत, एक्स-रे झालाय, हाड सरकलेलं नाही. त्यांना स्वतःचा निर्णय घेता येतो. परीक्षेच्या दिवशी वेदनाशामक घेऊन दोन तास काढता येतात. हे सगळेच करतात.

बावीस वर्षं शिकवतोय

मी शोतोकान शैलीचं कराटेच शिकवतो आणि क्यू परीक्षा घेतो, म्हणून नेमकं बोलतो.

अनवाणी ताई, तेक्की शोदानमध्ये उडी नाही हे खरं. पण त्यात नामी-गाएशी आहे, डाव्या आणि उजव्या दोन्ही पायांनी. पाऊल झटक्यानं आत वर उचलायचं आणि तितक्याच जोरानं परत जमिनीवर आणायचं. ते परत येणारं पाऊल तुमच्या मोडलेल्या बाजूवर पडणार. शिवाय किबा-दाचीचा सगळा जीव पावलाच्या बाहेरच्या कडांत असतो. गुडघे बाहेर ढकलायचे आणि कडांनी जमीन पकडायची. ती कड चोरून केलेली किबा-दाची परीक्षकाला पहिल्या हालचालीत दिसते.

आणि परीक्षा म्हणजे नुसता काता नव्हे. किहोनमध्ये, म्हणजे मूलभूत तंत्रांच्या भागात, योको गेरी केकोमी ही बाजूला मारायची लाथ आहे. ती पायाच्या बाहेरच्या कडेनं मारतात, म्हणजे करंगळीच्याच बाजूनं. पुढे कुमिते आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा सेइझा, म्हणजे गुडघे टेकून टाचांवर बसणंसुद्धा तुम्हाला जड जाईल, कारण उठताना बोटं मागे दुमडून त्यांवर भार द्यावा लागतो. परवा एका विद्यार्थ्याला मी फक्त सेइझातून उठताना चेहरा आवळताना पाहिलं आणि बाजूला घेतलं. त्यानं ती दुखापत तीन आठवडे लपवली होती.

वेदनाशामकाबद्दल ठाणेकरांना थेट सांगतो. माझ्या परीक्षेला कुणी गोळी घेऊन आलंय हे कळलं तर मी त्याला उभं करत नाही. दुखणं दाबलं की जिथे थांबायचं तिथे माणूस थांबत नाही, आणि कुमितेत समोरच्यालाही ते माहीत नसतं.

व्यावसायिक लढणाऱ्यांचीच उदाहरणं हवी असतील तर पुढचीही बघा. कॉनर मॅकग्रेगरनं २९ जून २०२४ ची यूएफसी ३०३ मधली मायकल चँडलरविरुद्धची लढत पायाच्या करंगळीसाठी सोडली. करोडोंचा सामना होता. त्याच्या उलट बॉक्सर डेव्हिड हेय २ जुलै २०११ ला हॅम्बर्गमध्ये पायाच्या मोडलेल्या बोटानं व्लादिमीर क्लिच्कोसमोर उतरला, बारा फेऱ्या खेळून गुणांवर हरला आणि नंतर पत्रकारांसमोर टेबलावर उभं राहून बोट दाखवलं. लोकांनी त्याची टर उडवली. मला ती टर योग्य वाटली नाही. ठोसा मागच्या पायाच्या रेट्यातून निघतो आणि ते बोट त्याच रेट्यात होतं.

पण क्लास सोडू नका, याबाबत मी कोल्हापूरकरांच्या बाजूनं आहे. या, खुर्चीवर बसा. त्सुकी (ठोसे), उके (हातानं बचाव), सगळं कमरेवरचं करा. मुलांच्या परीक्षेत हालचालींची मोठ्यानं मोजणी करा. मोजणी केल्यावर लय जितकी कळते तितकी स्वतः करताना कळत नाही. दुसऱ्याचा तेक्की बाहेरून पन्नास वेळा पाहिलात तर स्वतःच्या चुका दिसतील. परीक्षा काही महिन्यांनी परत येते.

फिजिओ, नाशिक

सरांनी मांडणी नेमकी केली. खुर्चीचं मी अर्ध्यापर्यंत मान्य करते. अट एकच, पाय वर ठेवायचा. तो दिवसभर खाली लोंबता राहिला की सूज उतरत नाही.

पट्टीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मधला कापूस रोज बदला, घामानं कातडी सडते. घट्ट बांधू नका. नखावर दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबीपणा परत आला पाहिजे. बोट गार, पांढरं किंवा बधिर वाटलं तर लगेच सोडा आणि डॉक्टरकडे जा. मधुमेह असेल तर स्वतः बांधूच नका, पायाची संवेदना कमी असली की जखम कळत नाही. अंगठा मोडला असेल तर शेजारच्या बोटाला बांधून भागत नाही, तो चालताना मोठा भार उचलतो. आणि करंगळीच्या मागे पावलातलं जे लांब हाड आहे, त्याच्या बुडाशी तडा असेल तर ते दुखणंच वेगळं. तिथे रक्तपुरवठा कमी, जोड धरायला महिने लागू शकतात. म्हणून ‘करंगळीच आहे’ असं एक्स-रेशिवाय म्हणू नये.

ठाण्याचा फायटर

गोळीचा मुद्दा सोडतो. समोरच्याचा विचार मी केला नव्हता. परीक्षेबद्दल अजूनही वाटतं की ताईंच्या सरांनी आणि ताईंनी ठरवावं.

अनवाणी

सगळ्यांचे आभार. सर, नामी-गाएशीचं वाचून मी कालच बेडरूममध्ये चप्पल घालून एकदाच हळू करून बघितलं. पाऊल खाली येताना अंगातून वीज गेली आणि मी पलंगाचा कठडा धरला. परीक्षेचं मी तेवढ्यावर सोडलं. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आज संध्याकाळी क्लासला गेले. सरांना आधी फोन करून सांगितलं होतं, त्यांनी भिंतीशी खुर्ची ठेवली होती. ज्या मुलीच्या कोपरावर माझी लाथ बसली ती १९ वर्षांची आहे. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. आल्या आल्या तिनं विचारलं, काकू, माझ्यामुळे झालं ना? मी म्हटलं, तुझा बचाव बरोबर होता, माझी लाथ उशिरा निघाली. मग तिनं तेक्की केला आणि मी मोजलं. तिचं उजवं पाऊल किबा-दाचीत बाहेर वळतं. माझंही वळतं, सर सहा वर्षं सांगतायत, पण ते कसं दिसतं हे आज पहिल्यांदा कळलं.

तरी फिजिओबाईंचं एक म्हणणं मला अजून पटत नाही. दोन आठवडे दारातही जायचं नाही, हे मला जमलं नसतं. मी परत गेलेच नसते.

फिजिओ, नाशिक

तुमच्यापुरतं मान्य. पण मी हा सल्ला बदलणार नाही, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातले नऊ खुर्चीवरून उठतात. तुम्ही उठला नाहीत ना आज? आणि समोर दुसरी खुर्ची घेऊन पाय वर ठेवलात का?