कंपासपेटीचे शीर्षक आणि आसियान सवलत

प्रश्न (बेळगाव, खडेबाजार): जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी व्हिएतनामहून कंपासपेट्या मागवायच्या आहेत. पत्र्याच्या पेटीत कर्कटक, गुण्या, कोनमापक, पेन्सिल, खोडरबर आणि शार्पनर आहे. प्रत्येक वस्तूला सीमाशुल्काच्या यादीतले वेगळे शीर्षक (चार आकडी वर्गीकरण क्रमांक) लागेल का? आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) करारातील सवलतीच्या शुल्कासाठी पुरवठादाराने दिलेले मूळ देशाचे प्रमाणपत्र पुरेल का?

उत्तर (निपाणी): सुटी आणली तर पेन्सिल ९६०९ मध्ये, खोडरबर ४०१६ मध्ये आणि शार्पनर ८२१४ मध्ये जातो. मात्र किरकोळ विक्रीसाठी एकत्र बांधलेल्या संचाला, ज्या घटकामुळे त्याचे मूळ स्वरूप ठरते त्याचेच शीर्षक लागते. कंपासपेटीत तो घटक आखणीची साधने, म्हणून ९०१७, असे माझे स्पष्ट मत आहे. शंका राहिली तर माल मागवण्याआधीच अग्रिम निर्णयासाठी (कोणते शीर्षक लागेल याचा सीमाशुल्क प्राधिकरणाकडून आधीच मिळणारा निर्णय) अर्ज करावा.

उत्तर (खानापूर): प्रमाणपत्र हवेच, पण तेवढ्याने भागत नाही. सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार माल त्या देशाचा कसा ठरतो, याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवावी लागते, तीही पाच वर्षे. आसियान करारात सर्वसाधारणपणे ३५ टक्के प्रादेशिक मूल्य (मालाच्या किमतीतला करारातील देशांत तयार झालेला वाटा) आणि उपशीर्षकातील बदल (बाहेरून आणलेल्या कच्च्या मालापेक्षा तयार मालाचा सहा आकडी क्रमांक वेगळा असणे) या दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. चीनमध्ये तयार झालेले कर्कटक व्हिएतनाममध्ये नुसते पेटीत भरले, तर ते तिथले ठरत नाही. त्यामुळे पत्रा कुठे दाबला आणि कर्कटकाचे टोक कुठे बसवले, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. लेखी खुलासा आल्याशिवाय आगाऊ रक्कम देणार नाही.