आनंदने ई४ सोडून डी४ का धरलं?

प्रश्न (घरचा_घोडा): पांढऱ्या मोहऱ्यांनी पहिलीच खेळी ई४ (राजापुढचं प्यादं दोन घरं) ही आनंदची वर्षानुवर्षांची चाल. २००८ला जर्मनीतल्या बॉनमध्ये रशियाच्या क्रॅमनिकविरुद्ध, तेही विश्वविजेतेपदाच्या लढतीत, त्याने थेट डी४ (वजिरापुढचं प्यादं) काढलं. इतका मोठा बदल का? आणि क्लब पातळीवर असा बदल करायचा तर सुरुवात कुठून करावी?

तिरपा_उंट: कारण क्रॅमनिकच्या काळ्या मोहऱ्यांत आहे. ई४ला त्याच्याकडे पेट्रॉफ आणि बर्लिन हे भक्कम बचाव होते. २०००मध्ये लंडनला कास्पारोव्हला १५ डावांत त्याच्याविरुद्ध एकही विजय मिळाला नाही, त्यात बर्लिनचा वाटा मोठा. डी४ने ती सगळी तटबंदी बाजूला पडली. सहाव्या डावात निम्झो-इंडियन या काळ्यांच्या बचावाविरुद्ध ४.वजीर सी२ खेळून आनंद जिंकला.

पण खरा घाव आनंदने काळ्या मोहऱ्यांनी घातला. तिसरा आणि पाचवा डाव काढून बघाच. मेरानमध्ये (डी४ला काळ्यांचं एक धारदार उत्तर) आनंदचा १४व्या खेळीला उंट बी७, बी५चं प्यादं खुशाल सोडलेलं, आणि हत्ती जी८वरून उघड्या जी फाईलमध्ये (जी१ ते जी८ या उभ्या रांगेत). तिसऱ्या डावात १५व्या खेळीला उंट डी६ होतं, पाचव्यात त्याआधीच हत्ती जी८. क्रॅमनिक पुन्हा त्याच वाटेने गेला आणि पुन्हा हरला.

अर्धा_गुण: शेवटच्या, ११व्या डावात बरोबरी पुरेशी होती, तेव्हा आनंद ई४वर परत आला. म्हणजे जुनं टाकलं नव्हतं, भर घातली होती. २०१०ला सोफियात बल्गेरियाच्या टोपालोव्हविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत त्याने दुसरा आणि चौथा डाव कॅटलान या डी४च्या ओपनिंगने (सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्या) जिंकला. पहिल्यात मात्र काळ्यांनी खेळताना ग्रुनफेल्ड बचावात त्याच्याकडून २३...राजा एफ७ (तीन टिंबं म्हणजे काळ्यांची खेळी) झालं, टोपालोव्हकडून एफ६वर घोड्याचं बलिदान आलं आणि ३० खेळ्यांत डाव गेला. अशा धारदार ओपनिंगमध्ये एका खेळीचा क्रम चुकला तरी सावरायला जागा नसते.

प्यादं_डी४: क्लबसाठी: काळ्यांची ओपनिंग्ज आहेत तशीच ठेवा, फक्त पांढऱ्यांची बदला. १.डी४ घोडा एफ६ २.घोडा एफ३ हा क्रम घ्या, बुडापेस्ट गॅम्बिट (काळ्यांचं ...ई५ प्याद्याचं बलिदान) आपोआप टळतो. २...ई६ला ३.सी४, आणि ३...डी५ला ४.जी३ म्हणजे कॅटलान. सी३वर घोडा नेण्याची घाई नसल्याने निम्झोही (...उंट बी४ने तो घोडा बांधणं) नाही. ३...उंट बी४ शह आला तर ४.उंट डी२ पुरे. किंग्ज इंडियन आणि ग्रुनफेल्ड या बचावांचा अभ्यास मात्र वेगळा करावाच लागतो, त्याला पळवाट नाही.

ई४वरून आलेले खेळाडू कॅटलानमध्ये हमखास चुकतात ते सी४च्या प्याद्यावर. काळा ते प्यादं मारतो, हे खेळाडू ७.वजीर सी२ आणि ८.वजीराने सी४ मारून ते परत घेतात आणि काम झालं समजतात. काळा मग ...बी५, ...उंट बी७ करून ...सी५ ढकलतो आणि डाव समसमान होतो. कॅटलानमध्ये प्याद्यापेक्षा ते ...सी५ रोखणं महत्त्वाचं.