मदत हवी आहे: पुरात गेलेले कपाट नव्याने करताना सासूबाईंच्या हाताला पोहोचेल अशी रचना कशी करावी?

नमस्कार. आम्ही बडोद्यात कारेलीबागेच्या बाजूला राहतो. सासऱ्यांनी १९८७ साली बांधलेले घर आहे. तळमजल्यावर सासूबाईंची झोपायची खोली आहे आणि वरच्या मजल्यावर आमची व मुलांची अशा आणखी दोन खोल्या आहेत. तिन्ही खोल्यांतली कपाटे एकदमच नव्याने करायची ठरवली आहेत. पण वरच्या दोन खोल्यांचा निर्णय आमचा आम्ही घेऊ शकू असे वाटते. अडले आहे ते सासूबाईंच्या कपाटापाशी, आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावर जवळजवळ दोन दिवस चौदा इंच पाणी उभे होते. सासूबाईंच्या खोलीतले कपाट पार्टिकल बोर्डाचे, दुकानातून तयार आणलेले होते. पाणी ओसरल्यावर पाहिले तर त्याच्या बाजूच्या फळ्या खालून फुगून जवळजवळ दुप्पट जाड झाल्या होत्या आणि दारे अशी घट्ट बसली होती की पटाशी घालून उघडावी लागली. सर्वांत खालच्या खणात सासूबाईंच्या जरीच्या नऊवारी साड्या होत्या. एका लाल साडीचा रंग उतरून खालच्या तीन साड्यांवर नकाशासारखा पसरला होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्या साड्या एकेक करून गच्चीत सावलीला पसरल्या आणि संध्याकाळी स्वतःच घड्या घालून आणल्या. भिंती वाळायला, गिलावा नव्याने करायला आणि इतर खर्च मार्गी लागायला बराच काळ गेला. तोवर त्यांचे कपडे बॅगांमध्ये आणि त्यांच्या लग्नातल्या लोखंडी कपाटात आहेत.

त्या लोखंडी कपाटाविषयी आधीच सांगते, म्हणजे ते काढून टाकण्याचा सल्ला कोणी देणार नाही. पुरात त्याच्या पायांना आणि खालच्या पत्र्याला गंज धरला, पण ते घासून, रेड ऑक्साइड लावून आम्ही पुन्हा रंगवून घेतले आणि आज त्याचे कुलूप पूर्वीइतकेच सहज फिरते. ते तीन फूट रुंद आहे आणि त्याच खोलीत राहणार आहे. भिंत आठ फूट चार इंच असल्यामुळे नव्या कपाटासाठी पाच फूट चार इंच रुंदी उरते. खोली दहा बाय अकरा फुटांची आहे. कपाटाची खोली नेहमीप्रमाणे चोवीस इंच धरली, तर पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम सत्तावीस इंचांची वाट राहते.

आता मुख्य अडचण. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, उंची चार फूट दहा इंच आहे. उजवा खांदा दुखरा असल्यामुळे त्यांचा हात फार वर जात नाही आणि गुडघ्यांमुळे खाली वाकता येत नाही. मागच्या आठवड्यात आम्ही त्यांना भिंतीपाशी उभे केले, त्रास न होता हात जिथवर वर जातो तिथे पेन्सिलने रेघ मारली आणि न वाकता जिथवर खाली पोहोचतो तिथे दुसरी. वरची रेघ जमिनीपासून छप्पन्न इंचांवर आली आणि खालची सव्वीस इंचांवर, म्हणजे त्यांचे कपाट खऱ्या अर्थाने तीस इंचांचेच आहे. पाण्याच्या भीतीने आम्हीही असे ठरवले होते की त्या खोलीत जमिनीपासून चोवीस इंचांपर्यंत कापड म्हणून ठेवायचे नाही. पाण्याने आणि गुडघ्यांनी खालचे दोन फूट सारखेच बाद केले आहेत. या हिशेबात नेमके सुटत नाही ते हे की या तीस इंचांत काय काय बसवायचे आणि खालच्या दोन फुटांचे करायचे काय.

साड्या मोजल्या तर चौसष्ट भरल्या. त्यांपैकी रोजच्या वापरातल्या सुती बारा, नऊवारी अकरा, बाकीच्या रेशमी आणि देण्याघेण्याच्या. व्यवहार म्हणून पाहिले तर बारा साड्या, परकर, पोलकी, दोन स्वेटर आणि एक शाल एवढेच खाली ठेवून बाकी सारे वरच्या मजल्यावर नेणे सोपे आहे, आणि माझ्या यजमानांचे मतही तेच होते. मी ते सासूबाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "साड्या वर गेल्या की मला त्यांची नुसती चौकशीच करायची." त्यांना जिना चढता येत नाही. वर्षातून दोनदा त्या रेशमी साड्या बाहेर काढून घडी बदलतात, कारण एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिलेली साडी त्या रेषेवर चिरते. हे काम त्या दुसऱ्या कोणाला देत नाहीत आणि माझ्या मते द्यायला लावूही नये. त्यामुळे साड्या खालीच राहतील, एवढे मी ठरवून टाकले आहे.

मिस्त्रींनी पहिला आराखडा दिला तो नेहमीचा होता: डावीकडे टांगायला दांडा, उजवीकडे दर बारा इंचांवर फळी, खाली दोन ड्रॉवर आणि वर माळा. त्यात आम्हाला दोन चुका दिसल्या. साड्या टांगण्याची सासूबाईंना सवय नाही. शिवाय जड जरीची साडी हँगरवर वर्षभर राहिली की दांड्यावर येणाऱ्या घडीतच ताणली जाते. बारा इंचांच्या फळीवर आठ-नऊ साड्यांची थप्पी बसते खरी, पण चौथी साडी काढायची तर वरच्या तीन एका हाताने उचलून धराव्या लागतात आणि त्यांच्या मनगटात तेवढी ताकद नाही. म्हणून फळ्यांऐवजी चार इंच उंचीचे, बाहेर ओढता येणारे उथळ ट्रे करावेत असे मला वाटते. एका ट्रेमध्ये एकावर एक फार तर तीन साड्या, शेजारी शेजारी दोन थप्प्या. म्हणजे ट्रे ओढला की सगळ्या साड्यांचे काठ दिसतील. तीस इंचांत असे सहा ट्रे बसतात. दोन कप्पे केले तर बारा ट्रे आणि बहात्तर साड्या, असा कागदावरचा हिशेब आहे. पण मग परकर-पोलकी कुठे ठेवायची, हा प्रश्न राहतोच.

दारांबद्दलही मन ठरत नाही. वाट अरुंद असल्यामुळे सरकती दारे सुचतात, पण त्यांना खोली दोन-तीन इंच जास्त लागते, एका वेळी अर्धेच कपाट उघडते आणि खालच्या पन्हळीत गाळ बसला की दार ओढायला जोर लागतो. शिवाय कापूर आणि लवंगा ठेवल्या तरी या भिंतीला पावसाळ्यात थोडी ओल येते. म्हणून मागची फळी भिंतीला न टेकवता दीड-दोन इंच सोडून बसवावी असा विचार आहे. म्हणजे वाट आणखी कमी होते.

साहित्य कोणते घ्यावे, खालचे दोन फूट कसे वापरावेत आणि दारे कशी असावीत, या तिन्हींबाबत ज्यांनी घरातल्या वृद्ध माणसासाठी असे काम करून घेतले आहे त्यांनी कृपया लिहावे. तिन्ही खोल्यांसाठी मिळून खर्चाची मर्यादा अडीच लाख आहे.

प्रतिसाद

आपण कपाटाची खोली चोवीस इंच धरली आहे ती हँगरसाठी असते. हँगर सतरा-अठरा इंच रुंद, त्यावर कपड्याचे बाहेर आलेले खांदे, म्हणून आतून बावीस इंच लागतात. आपण टांगणारच नसाल तर एवढी खोली कशासाठी? घडी घातलेली साडी चौदा-पंधरा इंचांत बसते. कपाट अठरा इंचांचे करा. मागे दोन इंच हवा सोडूनही आपली वाट सत्तावीसची एकतीस इंच होईल.

साहित्याविषयी: तळमजल्यावर पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) पुन्हा वापरू नका. प्लाय घेताना त्यावर आयएस ३०३ (प्लायचे भारतीय मानक) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणारा) असा शिक्का पाहा. पाण्याजवळच्या भागासाठी आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या. मात्र चांगल्या प्लायलाही पाणी उघड्या कडेतून चढते, म्हणून फळ्यांच्या खालच्या, कोणाला न दिसणाऱ्या कडाही पट्टी लावून बंद करून घ्या. मिस्त्री नेमके तेच सोडून देतात. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला बोर्ड) फुगत नाही, पण लांब फळी वजनाने मध्ये झोल खाते आणि स्क्रू प्लायइतका घट्ट धरत नाही. ट्रे ज्यांवर सरकतात त्या चॅनेलच्या पट्ट्या बसवण्यासाठी मी तो घेणार नाही.

प्रतिसाद

मी इंदूरला असते. आमच्याकडे पुराचा प्रश्न नाही, पण आईसाठी असेच कपाट केले आहे आणि त्यातली एक गोष्ट तुमच्या दोन फुटांना लागू पडेल. खाली काय ठेवावे याचा विचार सोडून द्या आणि खालचा भाग मोकळाच ठेवा. कपाट जमिनीवर न टेकवता भिंतीत बसवलेल्या लोखंडी अँगलवर घ्या. नऊ इंची विटांची भिंत असेल तर ते वजन पेलते, आणि पुढून आधाराला स्टेनलेस स्टीलच्या चौकोनी पाइपचे दोन पाय द्या. पाणी आले तर खालून वाहून जाईल, एरवी फरशी रोज पुसता येईल. मुख्य म्हणजे तुमच्या सासूबाईंना कपाटासमोर स्टूल घेऊन, पाय आत घेऊन बसता येईल. घडी बदलण्याचे काम उभ्याने कशाला करायचे? आमची आई सकाळी अर्धा तास तशी बसते.

डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. रेशमी साड्या जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. अठरा इंचांची सूचना वाचून इतके दिवस हे आपल्याला कसे दिसले नाही असे झाले. मागची भिंत नऊ इंची विटांची आहे, हे यजमानांनी जुन्या नकाशावरून पाहिले.

बसून काम करण्याची कल्पना आम्ही काल करून पाहिली. इस्त्रीचे टेबल सव्वीस इंचांवर आणून भिंतीला लावले आणि सासूबाईंना अठरा इंची स्टुलावर बसवले. मांड्यांच्या वर अडीच इंच जागा उरली. मी त्यांच्यापुढे शालीचे गाठोडे ठेवले, तर त्यांनी शाल बाजूला सारून बॅगेतली अंजिरी पैठणी मागितली, ती उलगडली, पदर मांडीवर घेऊन जुनी घडी बोटाने चाचपली आणि दोन इंच सरकवून नवी घातली. बसल्यावर हात पन्नास इंचांच्या वर जात नाही असे दिसले. म्हणून त्या तीस इंचांपैकी रेशमी साड्यांचे ट्रे खालच्या चोवीस इंचांत आणि उभ्याने लागणारे परकर-पोलकी वरच्या सहा इंचांच्या उघड्या फळीवर, असे आता ठरले आहे. त्याने ट्रे कमी होतात, पण देण्याघेण्याच्या साड्या वर न्यायला त्यांनी स्वतःच होकार दिला. त्या त्यांच्या नव्हेत, त्या लोकांच्या आहेत, असे त्यांचे म्हणणे.

आता एकच शंका आहे. त्या स्टुलावर बसलेल्या असताना दार नव्वद अंशांपर्यंतच उघडले तर ते त्यांच्या कोपराशी येते आणि ट्रेच्या वाटेतही. मिस्त्री १६५ अंशांत उघडणाऱ्या बिजागऱ्या सुचवत आहेत, म्हणजे दार जवळजवळ शेजारच्या लोखंडी कपाटाच्या दर्शनी बाजूपर्यंत जाईल. त्या महाग आहेत, पण चार दारांपुरत्याच लागतील. सोळा इंच रुंदीच्या, दोन्ही बाजूंना सनमायका लावलेल्या प्लायच्या दाराला त्या चार-पाच वर्षे वापरल्यावरही नीट राहतात का, की दार खाली झुकते? ज्यांनी वापरल्या आहेत त्यांनी शनिवारपर्यंत कळवले तर फार उपकार होतील. रविवारी सकाळी मिस्त्री माप घ्यायला येणार आहेत.