राणीची बाग: आम्ही दोघंच जायचं म्हणतोय, एका दिवसात नीट बघून होते का?

सोनचाफा_डोंबिवली:
नमस्कार सगळ्यांना. लग्नाला 11 वर्षं झाली पण मुलगी झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलेलोच नाही, एक तर माझी लॅबमध्ये सकाळची ड्युटी आणि ह्यांची शिफ्ट फिरती, घरात दोघं एकत्र जागे असतो ते जेवायच्या वेळेला तेवढेच. तर पुढच्या महिन्यात, जानेवारीत, ह्यांचा वाढदिवस आहे आणि मला ह्यांना राणीच्या बागेत न्यायचंय. कारण सांगते. हे म्हसवडकडचे, सातवीत असताना शाळेची मुंबईची सहल निघाली होती, तेव्हा पैसे भरता आले नाहीत म्हणून हे मागे राहिले आणि वर्गातली मुलं परत आल्यावर आठवडाभर वाघाच्याच गोष्टी चालल्या होत्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलंय, तेही असंच बोलता बोलता, पण माझ्या डोक्यातून जात नाही. मुंबईजवळ राहून 14 वर्षं झाली तरी गेलेले नाहीत, म्हणतात मुलीला घेऊन जाऊ कधीतरी, मग मुलगी शाळेतून जाऊन पण आली.
आम्हाला दोघांना एकत्र सुट्टी मिळू शकते ती बुधवारी. मुलगी आईकडे राहील. प्रश्न असे की किती वेळ लागतो, पेंग्विन खरंच दिसतात का, आणि लेकराशिवाय नवराबायकोच गेलं तर विचित्र दिसतं का? की त्यापेक्षा पुण्याचं कात्रज बरं?

काळाचौकीकर:
ताई आधी एक गोष्ट, बुधवारी अजिबात जाऊ नका!! राणीची बाग बुधवारी बंद असते. कात्रजपण बुधवारीच बंद. हे मी मुद्दाम पहिल्यांदा लिहितोय कारण माझ्या हातून ही चूक झालीय, गावाहून आईवडील आले होते, आई नवीन नऊवारी नेसून तयार, टॅक्सीने गेलो आणि गेटला कुलूप. वडील म्हणाले काही नाही रे, झाडं तर दिसली बाहेरून. त्यानंतर वडिलांचं मुंबईला येणं झालंच नाही. म्हणून कळकळीने सांगतो, रजा टाका पण उघडी असेल त्या दिवशी जा.
आणखी एक, बुधवारी सरकारी सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि त्याबदल्यात दुसऱ्या दिवशी बंद, तेव्हा गुरुवार ठरवलात तर आदल्या दिवशी सुट्टी नाही ना ते कॅलेंडरमध्ये बघून घ्या. रविवार टाळा, पेंग्विनच्या लाईनीत उभं राहूनच दमाल.
आणि विचित्र वगैरे काही नाही हो. मी रोज सकाळी त्या बाजूने जातो, सत्तरीतली जोडपी बाकावर बसलेली असतात.

भायखळा_पूर्व:
काळाचौकीकरांना +1. डोंबिवलीहून येताय तर भायखळ्याला थांबणारी फास्ट पकडा, पूर्वेला उतरा, चालत दहा मिनिटं. साडेनऊला उघडते, तेव्हाच आत शिरा. आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना 50 रुपये तिकीट होतं.
आत गेल्यावर सगळे आधी पेंग्विनकडे धावतात, तुम्ही आधी वाघाकडे जा, कारण ऊन चढलं की वाघ सावलीला पडून राहतो, सकाळी फिरताना दिसतो आणि काचेतून इतका जवळ की पंजा टाकताना खांद्याचं हाड कातडीखाली सरकतं ते दिसतं. मग बिबट्या, अस्वल, तरस. मगरींना पाण्याखालच्या बाजूने काचेतून बघता येतं, तिथे घाई करू नका, मगर बराच वेळ हलतच नाही आणि मग एकदम शेपटी फिरवते.
पेंग्विनचं सांगते, हे बर्फातले नाहीत बरं का. हम्बोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, तिथे समुद्राचा थंड प्रवाह आहे म्हणून त्यांना गारवा लागतो पण बर्फ नाही. 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ आले होते आणि लोकांना बघायला 2017 च्या मार्चपासून मिळाले. आता इथेच जन्मलेली पिल्लं पण आहेत. मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे ह्यांची जोडी जमली की बहुतेक तीच जोडी टिकते, आणि अंडं दोघं आळीपाळीने उबवतात, जवळपास 40 दिवस, एक बसला की दुसरा खाऊन पोहून येतो आणि मग पाळी बदलते. तुम्ही शिफ्टचं लिहिलंत ना, ते वाचल्यावर मला हेच आठवलं.

बहावा:
सगळे प्राण्यांचंच लिहितायत म्हणून लिहितोय, कृपया झाडं बघितल्याशिवाय परत येऊ नका. ही बाग 1862 मध्ये लोकांसाठी उघडली ती आधी झाडांची बाग म्हणून, प्राणी नंतर आले. गोरखचिंच आहे, मूळची आफ्रिकेतली, खोड असं की हत्तीचा पाय. कैलासपती आहे, त्याला फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून फुटतात. आणि थंडीत जाताय तर उर्वशी शोधाच, म्यानमारचं झाड, लाल फुलांचे झुंबरासारखे घोस खाली लोंबतात आणि पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. त्याची कोवळी पानं पण तांबूस आणि लुळी असतात, बघणाऱ्याला वाटतं झाड सुकलंय, पण ते तसंच असतं, नंतर हिरवी होऊन ताठ होतात. सापडलं नाही तर माळीकाम करणाऱ्या कुणालाही विचारा, ते लोक फार प्रेमाने दाखवतात.
शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 चं, तेही बुधवारी बंद. त्याच्या बाहेर दगडी हत्ती आहे तो नक्की दाखवा मिस्टरांना. घारापुरीला एलिफंटा नाव ज्याच्यावरून पडलं तोच हा हत्ती. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलताना तुटला, मग तुकडे इकडे आणले आणि 1914 मध्ये जोडून उभा केला. जोडाच्या रेघा दिसतात अजून. आणि काळा घोडा म्हणतात तो खरा पुतळापण फोर्टातून हलवून इथेच ठेवलाय, एवढी माणसं त्या नावाच्या भागात फिरतात आणि घोडा इथे असतो.

कात्रजचा_घाट:
पुणेकर म्हणून सांगते, कात्रज सुंदर आहे पण डोंबिवलीहून एका दिवसात जाऊन येऊन दमायला होईल. 130 एकर आहे, त्यात तलावच 42 एकरांचा, चालणं खूप. पेशवे पार्कातले प्राणी 1999 मध्ये इकडे हलवले, त्याआधी 1986 पासून इथे नीलिमकुमार खैरे यांनी उभं केलेलं सर्पोद्यान होतंच. नाग, अजगर, नागराज, मगर सगळं नीट समजावून लिहिलेलं आहे, सापाची भीती असलेल्या माणसाने तर बघावंच. पण ते पुढच्या खेपेला, लेकीला घेऊन, एक रात्र पुण्यात राहून.

रानवाटा:
मला पिंजरे बघवत नाहीत, मी बरीच वर्षं गेलो नाही, म्हणून जा असं मी म्हणणार नव्हतो. पण ताईंचं वाचून वाटलं की जावं. एवढंच करा की काचेवर टकटक करू नका आणि कुणी करत असेल तर सांगा त्याला. मी एकदा एक माणूस बिबट्याच्या काचेवर चावीने ठोकताना बघितला होता, बिबट्याने कान मागे पाडले आणि भिंतीला जाऊन चिकटला, ते अजून आठवतं. वाघ झोपला असेल तर झोपू द्या, झोपलेला वाघ पण वाघच.

सोनचाफा_डोंबिवली:
सगळ्यांचे खूप आभार, उशिरा लिहितेय. बुधवारचं कळलं नसतं तर गेटवरूनच परत आलो असतो, काळाचौकीकर दादा तुमच्या वडिलांचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मी रजा टाकली, ह्यांनी शिफ्ट बदलून घेतली आणि गुरुवारी गेलो. पावणेदहाला आत.
वाघ चालत होता. हे काचेपासून दोन हात लांब उभे राहिले, शाळेतल्या मुलांची एक रांग आली तेव्हा बाजूला झाले, त्यांना पुढे जाऊ दिलं आणि मागून बघत राहिले. एक मुलगा मागे राहिला होता, बुटका, त्याला दिसत नव्हतं, तर ह्यांनी बाईंना विचारून त्याला उचलून धरलं. वाघ वळून पाण्यात उतरला तेव्हा दोघं एकदमच "उतरला बघ" म्हणाले.
पेंग्विनपाशी गर्दी कमी होती त्यामुळे बराच वेळ थांबता आलं. एक जोडी दगडाच्या कपारीत नुसती चिकटून उभी होती, मी भायखळा_पूर्व ताईंनी लिहिलेलं पाळीचं सांगितलं तर हे म्हणाले मग त्यांचा पण ओव्हरटाइम असेल. बहावा दादा, उर्वशी सापडली! झाडलोट करणाऱ्या एका मावशींनी झाडू ठेवून स्वतः नेऊन दाखवली, तीन घोस होते, एक अगदी हाताला येईल एवढा खाली पण आम्ही हात लावला नाही. खाली गळून पडलेलं एक फूल मावशींनी उचलून माझ्या हातात दिलं. दगडी हत्तीच्या जोडाच्या रेघा ह्यांनी बोट फिरवून दाखवल्या मला, वेल्डिंगचं काम करतात ना, म्हणाले जोडणाऱ्याने मन लावून जोडलाय.
डबा नेला होता, मेथीची धपाटी आणि दही, गेटाबाहेर पडून खाल्ली. संध्याकाळी ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली. घाटकोपरला हे म्हणाले गावाला फोन लाव, आणि आमच्या सासूबाईंना म्हणाले, आई, वाघ बघितला.