समुपदेशक बदलावा की विश्वास बसायला आणखी वेळ द्यावा?

सायली_सांगली:
वडील गेल्यानंतर माझी झोप उडाली आणि कामात लक्ष लागेना, म्हणून दिवाळीपासून मी एका समुपदेशक बाईंकडे जाते. बाई मृदू स्वभावाच्या आहेत, वेळ पाळतात, मन लावून ऐकतात. मात्र शेवटच्या काही महिन्यांत वडिलांशी माझा अबोला होता, ही गोष्ट मी अजून त्यांच्यासमोर काढू शकलेले नाही. मागच्या भेटीत विषय तिथवर आला होता, पण त्या ‘झाले ते विसरून पुढे पाहायला हवे’ असे म्हणाल्या आणि मी गप्प बसले. शिवाय आमच्याकडे सगळेच एकमेकांच्या ओळखीतले असल्यामुळे बोललेले बाहेर जाईल अशी धास्ती वाटते. बाई बदलाव्यात का? बदलायच्या झाल्यास नव्या व्यक्तीची पात्रता कशी पडताळावी?

माधव_ठाणे:
आधी पात्रतेविषयी. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि ते औषधे देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधे न देता बोलण्यातून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ, यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या केंद्रीय संस्थेकडे असते, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीच गैर नाही. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र निरनिराळे शिक्षण घेतलेली माणसे लावतात. म्हणून शिक्षण कुठे झाले, शोकाच्या प्रश्नांवर काम केले आहे का आणि अवघड प्रसंगी त्या कोणा ज्येष्ठाचे मार्गदर्शन घेतात, हे पहिल्याच भेटीत विचारावे.

गोपनीयतेबद्दल म्हणाल, तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ मध्ये रुग्णाचा तो हक्क नमूद आहे. कोणाच्या जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश येणे असे काही अपवाद त्यात आहेत. तुमच्या बाई नोंदी कुठे ठेवतात आणि त्या कोण पाहू शकते, हे त्यांनाच विचारा.

समुपदेशिका_नाशिक:
मी याच क्षेत्रात काम करते. एडवर्ड बोर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये उपचारातील नात्याचे तीन भाग मांडले: उद्दिष्टावर एकमत, ते गाठण्याच्या मार्गावर एकमत आणि परस्परांतील जिव्हाळा. तुमच्या लिहिण्यावरून जिव्हाळा आहे, पण उद्दिष्टात फारकत पडली आहे असे मला वाटते. बाईंना तुम्हाला दुःखातून बाहेर काढायचे आहे आणि तुम्हाला आधी त्या अबोल्याविषयी बोलायचे आहे.

म्हणून निर्णय घेण्यापूर्वी एकदा त्यांना हे सांगून पाहावे, असे मी आग्रहाने सुचवेन. अबोल्याची हकीकत लगेच उघड करण्याची गरज नाही. ‘मागच्या वेळी तुम्ही विसरून पुढे पाहा म्हणालात, तेव्हा एक गोष्ट माझ्या ओठांवर आली होती, पण ती इथे बोलू नये असे वाटून मी थांबले,’ एवढे वाक्य पुरेसे आहे. मात्र ते भेटीच्या सुरुवातीलाच बोला, कारण शेवटच्या पाच मिनिटांत काढलेला विषय अर्धवट राहतो आणि पुढचा आठवडा जड जातो. त्यांनी आपले चुकले असे मान्य करून तुम्हाला अधिक विचारले, तर नाते पूर्वीपेक्षा पक्के होण्याची चांगली शक्यता आहे. उपचारात असे ताण येतात आणि ते मोकळेपणाने सोडवणे हा उपचाराचाच भाग असतो. त्या स्वतःचे समर्थन करू लागल्या किंवा तुम्हालाच हळवे ठरवू लागल्या, तर मात्र बदल करायला कचरू नका.

प्रवीण_सोलापूर:
गावातल्या ओळखींची धास्ती असेल, तर दुसऱ्या शहरातील मराठी बोलणाऱ्या तज्ज्ञांशी व्हिडिओवरून बोलता येते. माझ्या बहिणीला त्याचा फार उपयोग झाला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. झोप अजूनही लागत नसेल, तर त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना वेगळे दाखवावे. बाई बदलायच्या ठरल्याच, तर न सांगता जाणे बंद करण्याऐवजी एक शेवटची भेट घ्या आणि तुमच्या संमतीने पुढच्या तज्ज्ञांसाठी त्यांच्याकडून थोडक्यात टिपण मागून घ्या. म्हणजे सगळे पहिल्यापासून सांगावे लागणार नाही.